सूर्याचे डाग आणि शेजारचे माग

प्रा. गुरुलिंग अष्टगी सरांची आणि माझी पहिली ओळख माझ्या वात्रटपणातून झाली, हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे. मी तेव्हा बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. पदार्थविज्ञान विभागाच्या व्हरांड्यात एक फळा होता. त्यावर रोज सकाळी एक नवा कागद टाचलेला असे. कागदावर पेन्सिलने काढलेले मोठे वर्तुळ, खाली तारीख, वेळ आणि ‘आजचा सूर्य’ एवढे दोन शब्द. त्या वर्षी हे वर्तुळ आठवडेच्या आठवडे कोरे असायचे. आम्हां मुलींना त्याची भारी गंमत वाटे. ‘सरांनी आज पण पुरीच लावलीय’ असे आम्ही कँटीनमध्ये म्हणायचो. एके दिवशी मैत्रिणींनी पैज लावली आणि मी त्या कोऱ्या सूर्यावर बॉलपेनने एक ठसठशीत ठिपका काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सरांनी नेहमीसारखा तास घेतला. शेवटी डस्टर खाली ठेवून ते शांतपणे म्हणाले, “काल कुणाला तरी सूर्यावर एक डाग दिसला. मला दिसला नव्हता. निरीक्षकांनी कृपया वेळ आणि दुर्बिणीचा आकार कळवावा, म्हणजे नोंद पूर्ण करता येईल.”

वर्गात कुणी हसले नाही. मी उभी राहिले. आता प्राचार्यांसमोर वरात निघणार, अशी माझी खात्रीच झाली होती. सर म्हणाले, “उद्या सकाळी साडेआठ वाजता घरी या आणि मला डाग दाखवा.” अठरा वर्षांच्या मुलीला ‘या’ म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला ते रागावण्यापेक्षा जड गेले.

सरांचे घर सोलापूर शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या गल्लीत. गच्चीवर एक लहानशी दुर्बीण. तिच्या मागे ठरावीक अंतरावर पांढरा पुठ्ठा धरायचा, की त्यावर सूर्याची वाटोळी प्रतिमा उमटते. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, कधीच नाही, हा पहिला धडा. मी अर्धा तास त्या पुठ्ठ्यावर डाग शोधत होते. डाग नव्हताच. सरांनी वही पुढे केली आणि म्हणाले, “लिहा, डाग नाही. न दिसणं हीसुद्धा नोंद असते.” शिक्षा म्हणून महिनाभर रोज यायचे ठरले. तो महिना पुढे पाच वर्षे चालला.

सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा संपादक मंडळी त्यांना भेटायला गेली होती. सर आधी तयारच होईनात. शेवटी त्यांनी एक अट घातली: “माझी चूक त्यात आली पाहिजे, आणि ती सुनंदानं लिहिली पाहिजे.” म्हणून माझ्या वाट्याला हा लेख आला आहे. सरांच्या अध्यापनाविषयी आणि त्यांनी उभ्या केलेल्या प्रयोगशाळेविषयी इतरांनी सविस्तर लिहिले आहेच. मला लिहायचे आहे ते त्या चुकीबद्दल. सरांचे मोठेपण मला तिथे जितके स्वच्छ दिसले तितके दुसरीकडे कुठे दिसले नाही.

पण आधी त्या कामाबद्दल सांगायला हवे. सर मूळचे दुधनीचे. घरी कन्नड, शाळेत मराठी, आणि शेतात ज्वारी-हरभरा. आपल्याकडे थंडी ही शाल पांघरून मिरवायची गोष्ट नाही. रब्बीचे सगळे गणित तिच्यावर बेतलेले असते. थंडी चांगली पडली की हरभरा धरतो, ज्वारीचे कणीस भरते. डिसेंबरात ढग दाटून आले की थंडी पळते आणि कीड वाढते. लहानपणी सर घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे की काही वर्षी थंडी एवढी आणि काही वर्षी का नाही. उत्तर मिळायचे ते देवाच्या नावाने. पुढे पदार्थविज्ञान शिकल्यावर त्यांना दोन धागे दिसले. एक, सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्राने वाढतात आणि घटतात. डाग कमी असण्याच्या काळात दूर युरोपात हिवाळे कडक पडतात की काय, अशी चर्चा शास्त्रज्ञांत आहे. दुसरा, प्रशांत महासागराचे पाणी काही वर्षी जास्त तापते, काही वर्षी जास्त थंड राहते, आणि त्याने जगभरचे वारे इकडचे तिकडे होतात. यातले काही सोलापूरच्या पहाटेपर्यंत पोचते का, एवढाच सरांचा प्रश्न. तो त्यांनी आयुष्यभर सोडला नाही.

त्यासाठी त्यांनी गच्चीवर पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी बसवली. आत तापमापक. रोज सकाळी सात वाजता रात्रीचे किमान तापमान, साडेआठला सूर्य. अठ्ठावीस वर्षे हा नेम चालला होता. नोंदवहीत शेवटी शेऱ्याचा रकाना असे. त्यात ‘धुके’, ‘वावटळ’, ‘पेटीत मुंगळे’, ‘शेजारी लग्नाचा मांडव, वारा अडला’ असे सगळे सगळे लिहिलेले. खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचा आकडा वाचता आला पाहिजे. बाहेरगावी जायची वेळ आली तर नीलम्मा काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, तापमान लिहीत. त्यांचे शेरे सरांपेक्षा वाचनीय असत. एका जानेवारीत त्यांनी लिहिले आहे: ‘थंडी फार. यांना मफलर न्यायला सांगितले होते, नेला नाही.’

सरांचा स्वभाव लोकांना समजावून सांगण्याचा. माझे चुलते, आमचे तात्या, मंद्रूपला शेती करतात. एका हुरड्याला मी सरांना आमच्या शेतावर नेले होते. आगटीभोवती सात-आठ शेतकरी जमले. तात्यांनी सरळच विचारले, “सर, त्यो तुमचा समिंदर आमच्यापास्नं किती लांब?”

“फार लांब. पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला म्हणा.”

“मग तितलं पाणी तापलं तर आमच्या हरभऱ्याला त्याचं काय?”

सरांनी ओंजळीतला हुरडा चोळून फुंकला. मग म्हणाले, “तुमच्या घरातली चूल या कोपऱ्यातनं त्या कोपऱ्यात नेली, तर धूर कुठल्या खिडकीनं जाईल ते बदलतं की नाही?”

“बदलतंय की.”

“समुद्रातलं तापलेलं पाणी म्हणजे चूल समजा. ती सरकली की वारे आणि ढग वाट बदलतात. तुमच्या रानावर रात्री ढग असले तर उबारा राहतो. आभाळ मोकळं असलं तर जमिनीची ऊब वर निघून जाते आणि थंडी पडते.”

“ह्ये पटलं. मग औंदा थंडी पडंल का न्हाय, तेवढं सांगा.”

“तसं ठाम सांगता येत नाही. शक्यता जास्त दिसते, एवढंच.”

सर हात धुवायला गेले तेव्हा तात्या मला म्हणाले, “तुजा सर लई शिकलेला हाय, पर ‘व्हय’ म्हनायला लई भितोय.” मी परतताना एसटीत हे सरांना सांगितले. त्यांना हसताना ठसका लागला. म्हणाले, “तात्यांचं निरीक्षण बरोबर आहे. वहीत लिहून ठेवायला हवं.”

सरांनी माझ्यासाठी जे केले त्याची यादी करायला बसले तर त्यांना आवडणार नाही. तरी दोन गोष्टी लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमचे घर एका खोलीचे. आप्पा, म्हणजे माझे वडील, टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमागावर कामाला; मंद्रूपची जमीन दोघा भावांना पुरेना म्हणून ते तरुणपणीच शहरात आलेले. घरात अभ्यासाला जागा नाही हे मी सरांना कधी सांगितले नव्हते. एक दिवस सरांनी गच्चीवरच्या खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “दुर्बिणीची राखण करायला कुणीतरी हवं.” दुर्बीण तिथे वीस वर्षे राखणीवाचून सुखरूप होती. काकू जिन्यातून आवाज द्यायच्या, “सुनंदा, ऊटा आयता?” जेवलीस का, असे कन्नडमधून विचारायच्या, आणि ‘हो’ म्हटले तरी ताट वाढायच्या. माझ्या आयुष्यातल्या कितीतरी भाकऱ्या त्या घरच्या आहेत.

दुसरी गोष्ट काविळीची. शेवटच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर मी महिनाभर अंथरुणाला खिळले. सर रोज मैत्रिणीच्या हाती त्या दिवशीचा सूर्य घरी पाठवत. कागदाच्या एका बाजूला वर्तुळ आणि डाग, मागच्या बाजूला त्या दिवशी वर्गात काय शिकवले त्याचा बारीक अक्षरातला सारांश. एकही दिवस खंड पडला नाही. आप्पा ते कागद उशाशी एकावर एक रचून ठेवत आणि मला विचारत, “आज किती ठिपकं हायत गं?” त्या कागदांच्या जोरावर मी परीक्षा दिली आणि पास झाले.

आता चुकीकडे येते.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षी सरांनी मला त्यांच्या अठ्ठावीस वर्षांच्या नोंदी प्रकल्पासाठी दिल्या. सर तोवर निवृत्त झाले होते. त्या नोंदींवरून त्यांनी हाताने काढलेला एक लांबलचक आलेख होता. वरच्या रेषेत सूर्यावरच्या डागांची संख्या, खालच्या रेषेत सोलापूरच्या हिवाळ्यातले पहाटेचे तापमान. सूर्य जेव्हा कोरा पडू लागला, म्हणजे मी पुरीची थट्टा केली त्याच सुमाराला, खालची रेषाही घसरलेली स्पष्ट दिसत होती. पुढचे चक्र आले तरी थंडी मागे हटली नाही; पण ते चक्रच मुळात दुबळे होते, त्यामुळे तेही जुळत होते. सरांना त्यांचा धागा सापडला होता. पुण्याच्या एका विज्ञान परिषदेत हा आलेख मांडायचे निमंत्रण त्यांना आले होते. ‘शक्यता’ या शब्दापलीकडे कधी न गेलेले सर त्या दिवसांत पहिल्यांदा थोडे उत्साहाने बोलत. काकूंनी त्यांच्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता.

माझे काम फक्त समुद्राची बाजू जोडण्याचे. पाणी तापलेली वर्षे वेगळी, थंड राहिलेली वर्षे वेगळी, आणि त्यांच्या हिवाळ्यांची तुलना. करता करता मला काहीतरी खटकू लागले. सूर्याचे डाग हळूहळू कमी होतात, हळूहळू वाढतात. समुद्र एखादे वर्ष असा तर दुसरे वर्ष तसा. आणि आपले तापमान मात्र एका झटक्यात खाली येऊन तिथेच बसले होते. मग मी सरकारी हवामान केंद्राच्या नोंदी मिळवल्या. सरांची गच्ची त्या केंद्रापेक्षा पहिल्यापासून जरा उबदार असे. सर त्याला दाट वस्तीची ऊब म्हणत, आणि ते रास्तही होते. मी दोन्ही आकड्यांतला फरक दिवसागणिक मांडला. अनेक वर्षे तो फरक जवळजवळ सारखा होता. मग एका जानेवारीत तो संक्रांतीपर्यंत तसाच होता आणि संक्रांतीनंतर एकदम कमी झाला. केंद्रावर त्या दिवसांत काहीच विशेष घडले नव्हते. जे काही घडले ते सरांच्या गच्चीवर घडले होते.

मी शेऱ्याचा रकाना पुन्हा पुन्हा वाचला. लग्नाचा मांडव होता, मुंगळे होते, मफलर होता. त्या जानेवारीत काहीच नव्हते.

त्या संध्याकाळी घरी चहा घेताना मी आप्पांना सहज म्हणाले, “आप्पा, मी बारावीला होते त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेनंतर सोलापुरात काय झालं होतं?” संक्रांतीला सिद्धेश्वरांची जत्रा भरते, तिला आम्ही गड्डा म्हणतो.

“काय व्हायचंय? तवाच तर आमचा कारखाना हलला की. गड्डा उरकला आन् मालकानं समदं माग अक्कलकोट रोडला एमआयडीसीत न्हेलं. तवापास्नं माजी सायकल सुरू झाली.”

मी कप खाली ठेवला. आप्पांचा जुना कारखाना सरांच्या घराच्या भिंतीला भिंत लावून होता. मला हे लहानपणापासून माहीत होते. आता तिथे बंद गोदाम होते. पाच वर्षे मी त्या गच्चीवर रोज उभी राहिले होते आणि शेजारच्या पत्र्याकडे एकदाही विचार करून पाहिले नव्हते.

“आप्पा, कारखान्यात रात्रपाळी असायची?”

“असायची म्हंजे? बारा म्हयने. मोटारींची गरमी, आत मानूस उकडून निगायचा. म्हनून तर मालकानं भिंतीत मोठं मोठं पंखं बसिवलं, आतली हवा भाईर फेकायला.”

“कुठल्या बाजूला?”

“त्या सरांच्याच गच्चीकडं की. दुसरीकडं बोळ अरुंद हाय.”

सूर्य कोरा पडत होता त्याच सुमाराला शेजारचे पंखे थांबले होते. सरांच्या पेटीवर पहाटेपर्यंत येणारी मागांची गरम हवा एका दिवसात बंद झाली आणि वहीत थंडी वाढली. अठ्ठावीस वर्षांच्या त्या आलेखात सूर्याचा वाटलेला सगळा भाग एका टॉवेलच्या कारखान्याने काढला होता.

त्यानंतर आठ दिवस मी सरांकडे गेले नाही. डोके दुखते म्हणून निरोप पाठवला. परिषद तीन आठवड्यांवर आली होती. मी गप्प बसले तर सर पुण्याच्या व्यासपीठावर चुकीचा आलेख घेऊन उभे राहणार. बोलले तर त्यांच्या सगळ्या उमेदीच्या वर्षांवर मीच आडवी रेघ मारणार. मला माझी भीतीही वाटत होती, ती लपवत नाही. ज्या घरची किल्ली माझ्याकडे होती ते घर बंद होईल, ‘ऊटा आयता’ थांबेल, असे सारखे वाटे. शिकवणारी माणसे शिष्याने दाखवलेल्या चुकीने कशी दुखावतात ते मी इतरत्र पाहिले होते.

नवव्या दिवशी सकाळी मी गेले. सर नुकतेच सूर्य काढून उठले होते. मी फरकाचा आलेख त्यांच्यासमोर ठेवला आणि आप्पांनी सांगितलेले जसेच्या तसे सांगितले. सर उठून कठड्यापाशी गेले आणि शेजारच्या भिंतीकडे पाहत उभे राहिले. पंख्यांची चार भोके विटांनी बुजवलेली होती. विटांचा रंग भिंतीपेक्षा वेगळा, ताजा दिसत होता. मग त्यांनी जिन्यातून काकूंना हाक मारली.

“अगं, शेजारचा कारखाना कधी बंद झाला, आठवतं का?”

“न आठवायला काय?” काकू पदराला हात पुसत वर आल्या. “जत्रा झाली अन् बंद झाला. लग्न होऊन आल्यापासून त्या खडखडीत झोपलेली मी. आवाज बंद झाला अन् आठ दिवस मला झोप नाही. तुम्हाला सांगितलं होतं की. तुम्ही म्हणालात, चांगलं झालं, आता शांत वाटतंय.”

सर खाली बसले. त्यांनी तो मोठा आलेख उलगडला, लाल पेन्सिल घेतली आणि आलेखावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आडवी रेघ ओढली. खालचे सगळे वाचता येत होते. “चुकलं,” ते म्हणाले. “मांडव लिहिला आणि माग लिहिले नाहीत. रोज ऐकत होतो, म्हणून ऐकू येत नव्हतं.” त्यांचा चेहरा उतरला होता, हे मी लिहायलाच हवे, सर दगडाचे नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “आठ दिवस का आली नाहीस? डोकं दुखत नव्हतं ना?”

मी रडू लागले. सर म्हणाले, “त्या आठ दिवसांत मी निबंधाची आणखी चार पानं लिहिली. चूक कळल्यावर एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. तुझी तेवढीच चूक झाली.” त्या दिवसापासून ते मला ‘तू’ म्हणू लागले. ‘तू’ म्हटल्याचा एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढे जे घडले ते माझ्या घरच्यांना जन्मभर पुरेल. सरांनी आप्पांना भेटायला बोलावले. आप्पा कधी प्राध्यापकाच्या घरी गेलेले नव्हते. इस्त्रीचा शर्ट घालून, चपला जिन्याखाली काढून ते वर आले आणि उभेच राहिले. सरांनी त्यांना आपल्या खुर्चीवर बसवले, स्वतः स्टुलावर बसले आणि वही उघडली. पंखे किती, किती उंचीवर, पाळी किती वाजता सुटायची, सणाला कारखाना किती दिवस बंद असायचा. आप्पा आधी चाचरत होते, मग खुलले.

“दिवाळीत पाच दिस बंद, आन् नागपंचमीला एक दिस. बाकी कायम. लाईट गेली तर तेवडाच इसावा. आमी घामानं भिजायचो, सर. ती समदी गरमी तुमच्याच अंगावर टाकली आमी.”

“ती तुमची चूक नाही. मी विचारायला हवं होतं. भिंतीपलीकडे तुम्ही होतात आणि मी सूर्याकडे बघत बसलो.”

सरांनी दिवाळीचे आकडे तिथेच काढून पाहिले. जुन्या वर्षांत ते पाच दिवस गच्ची खरोखरच थंड होती. सर आनंदाने मांडीवर थाप मारून म्हणाले, “बघा, तुमचा पुरावा पक्का आहे.” मग त्यांनी सगळे निवेदन वाचून दाखवले आणि आप्पांची सही घेतली. सहीखाली लिहिले: निरीक्षक. मागावरच्या माणसाला तोवर कामगार, हेल्पर, अरे आणि ए एवढीच नावे मिळाली होती. घरी येताना आप्पा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत आले.

पुण्याला सर ठरल्या दिवशीच गेले, नवा कोट घालून. निबंध मागे घ्यावा असे काहींनी सुचवले होते. सरांनी विषय बदलला: आपण अठ्ठावीस वर्षे कसे फसलो. त्यांनी लाल रेघेसकट तो आलेख भिंतीवर लावला, लेखकांत माझे नाव आपल्या आधी घातले आणि आप्पांचे आभार नावानिशी मानले. एकाने हसून विचारले, “मग एवढ्या वर्षांतून निष्पन्न काय झालं?” सर म्हणाले, “शेजारी काय चाललंय ते आधी बघावं, हे झालं. आणि ते तुम्हाला आयतं मिळतंय.” सभागृह हसले, पण त्यानंतर पाऊण तास लोक प्रश्न विचारत होते. दोन तरुण मुलांनी आपापल्या केंद्रांच्या भिंतीपलीकडे काय आहे ते परत जाऊन पाहण्याचे कबूल केले.

दुरुस्त केलेल्या नोंदींतून जे उरले ते थोडे आहे, पण ते खरे आहे. समुद्र तापलेल्या वर्षी आपल्याकडे ढगाळ, उबदार पहाटा जास्त असाव्यात आणि थंड वर्षी मोकळे आभाळ व थंडी जास्त, असे काहीसे दिसते. तेही दर वेळी नाही. सूर्याचे काय, ते सांगता येत नाही. सरांनी पेटी गच्चीवरून हलवली आणि मंद्रूपला तात्यांच्या रानात, घरा-विहिरीपासून दूर, मोकळ्यावर बसवली. एमआयडीसीतून निवृत्त झाल्यावर आप्पा गावी राहायला गेले. तिथे रोज सकाळी सात वाजता तेच तापमान लिहितात. ट्रॅक्टर पेटीजवळ उभा राहिला तरी शेऱ्यात येतो. सर दर रविवारी फोन करून आकडे घेतात. गुडघ्यांमुळे त्यांना आता जिना चढवत नाही, म्हणून दुर्बीण खाली अंगणात आणली आहे. साडेआठचा सूर्य मात्र चुकत नाही.

गौरवग्रंथाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचे असते. मी ते नुसते रीत म्हणून चिंतत नाही, माझा त्यात स्वार्थ आहे. सूर्याचा प्रश्न तीन चक्रांच्या आत सुटायचा नाही, असे सरांनीच आम्हांला शिकवले आहे. मंद्रूपच्या पेटीने आत्ता कुठे एक चक्र पुरे केले आहे. दोन उरली आहेत, आणि ती संपतील तेव्हा सर सत्त्याण्णव वर्षांचे असतील. तोवर सरांचे डोळे असेच स्वच्छ राहावेत, गुडघ्यांनी साथ द्यावी, काकूंनी त्यांना मफलर बांधायला लावावा. मी आता स्वतः शिकवते. मुले माझ्यापुढे आलेख आणतात, आणि त्यांत माझीच चूक कुठे आहे हे सांगायला त्यांना भीती वाटत असेल, हे मला ठाऊक आहे. अशा वेळी काय करायचे ते मी एकदाच, एका सकाळी, एका गच्चीवर पाहिले आहे. ते माझ्या अंगी पुरते उतरलेले नाही. सर, आम्ही अजून खूप चुकणार आहोत. तेव्हा तुम्ही असायला हवे आहात.